"१०० टक्के आयुर्वेदिक" लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये स्टेरॉइडचा संशय: तक्रार कुठे आणि कशी करू?

माणची लेक:

नमस्कार. तपशिलाशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी आई माण तालुक्यात राहते, मी पुण्यात. आईचं वय ६३. गुडघे आणि हातांच्या बोटांचे सांधे बऱ्याच वर्षांपासून धरलेले. मागच्या वर्षी आठवडी बाजारात गाडी लावून औषधं विकणाऱ्या एकाकडून तिनं वातावरच्या कॅप्सूलची डबी घेतली. तीन-चार दिवसांत दुखणं थांबलं. आई बऱ्याच दिवसांनी खाली मांडी घालून बसली, शेतात गेली. साहजिकच तिनं साऱ्या वाडीला सांगितलं आणि वाडीतल्या कितीतरी जणांनी त्याच डब्या सुरू केल्या. पुढं त्या कुरिअरनं घरपोच यायला लागल्या, भाऊ मोबाईलवरून पैसे पाठवायचा.

दिवाळीला गेले तेव्हा आईचा चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसला. दंडावर निळे डाग, कातडी पातळ झालेली. साखर कधीच नव्हती, ती उपाशीपोटी २०० च्या वर. त्यानंतर एकदा डबी वेळेत आली नाही. आठवडाभरात आईला उठवेना, उलट्या, बीपी एकदम खाली. साताऱ्याला दवाखान्यात दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वातावरचं काही घेत होतात का?" सकाळच्या कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टेरॉइडची, तपासणी केली, ते फारच कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांत स्टेरॉइड असणार, ते अचानक बंद झाल्यामुळं हे झालं.

डबीवर लिहिलंय: "१०० टक्के आयुर्वेदिक. संधिवात, आमवात मुळापासून बरा. कोणतेही दुष्परिणाम नाहीत." घटकांमध्ये शल्लकी, गुग्गुळ, रास्ना, निर्गुंडी, अश्वगंधा. खाली छोट्या अक्षरात "आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन", परवाना क्रमांक, बॅच नंबर, परराज्यातल्या कंपनीचा पत्ता. स्टेरॉइडचा उल्लेख कुठंही नाही.

मला विचारायचंय की हा गुन्हा आहे का, तक्रार कुणाकडे करायची, आणि उरलेल्या कॅप्सूल मी स्वतः तपासून घेतल्या तर तो पुरावा धरतात का? भाऊ म्हणतो, आई वाचली ना, सोडून दे. मला सोडायचं नाही. वाडीतली माणसं अजून त्याच कॅप्सूल खातायत.

वैद्य, मिरज:

ताई, तक्रारीच्या आधी एक काम आजच करा. वाडीत जे जे या कॅप्सूल घेतायत त्यांना फोन करून सांगा की आपल्या मनानं एकदम बंद करू नका, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं. मग औषध अचानक थांबलं तर आईंचं झालं तसं होतं. डॉक्टर योग्य स्टेरॉइड योग्य मात्रेत देऊन हळूहळू उतरवतात. "भेसळीचं आहे, फेकून द्या" असा निरोप वाडीत गेला तर चार माणसं आजारी पडतील.

लेबलवरचा खोटेपणा रुग्णाला कसा मारतो ते इथं दिसतं. माझ्याकडे असा रुग्ण येतो, मी विचारते काय घेता, तो डबी पुढं करतो. डबीवर रास्ना आणि निर्गुंडी. त्यावर विश्वास ठेवून मी उपचार ठरवले तर माझे उपचारही चुकतात. मधुमेह कशानं झाला, हाडं कशानं ठिसूळ झाली, काही कळत नाही.

आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: गुग्गुळानं जुना आमवात चार दिवसांत मोकळा होत नाही. इतक्या झटपट आराम पडला की संशय घ्यायचा. आमच्या शास्त्राचं नाव डबीवर छापून आत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड भरणाऱ्यांवर आयुर्वेदवाल्यांनीच सगळ्यात आधी तक्रारी करायला हव्यात.

निवृत्त औषध निरीक्षक:

मी अन्न व औषध प्रशासनात नोकरी केली, अशी प्रकरणं हाताळली आहेत. उत्तर देतो, पण आधी एवढं सांगा. न उघडलेली डबी शिल्लक आहे का? तिचा आणि आईनं घेतलेल्या डबीचा बॅच नंबर एकच आहे का? बिल मिळालं होतं का? आणि त्या विक्रेत्याला तुम्ही किंवा भावानं फोन करून काही बोललात का?

माणची लेक:

सर, आमच्याकडे एक अर्धी डबी आहे. शेजारच्या काकूंकडे दोन न उघडलेल्या आहेत, त्यातल्या एकीचा बॅच नंबर आमच्यासारखाच आहे. बिल कधीच मिळालं नाही. पैसे पाठवल्याच्या नोंदी भावाच्या फोनमध्ये आहेत, आणि एका पार्सलची पावती सापडली. विक्रेत्याला अजून कुणी काही बोललेलं नाही.

निवृत्त औषध निरीक्षक:

बोललेलं नाही, हे फार चांगलं झालं. बोलूही नका. त्याला सुगावा लागला की माल रात्रीत हलतो आणि मग हाती फक्त तुमची अर्धी डबी उरते.

आता गुन्हा आहे का ते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यात आयुर्वेदिक औषधांसाठी ४-अ हे वेगळं प्रकरण १९६४ च्या दुरुस्तीनं आलं. ग्रंथात जसंच्या तसं सांगितलेलं औषध वेगळं आणि ग्रंथांतले घटक घेऊन कंपनीनं स्वतः बांधलेलं "पेटंट ऑर प्रोप्रायटरी" औषध वेगळं. तुमची डबी दुसऱ्या प्रकारातली. कंपनीला पाठ, म्हणजे घटकांचा मेळ, स्वतःचा बांधता येतो, पण घटक मात्र कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांमधलेच हवेत. डेक्सामेथासोन कोणत्याही संहितेत नाही. शिवाय नियम १६१ प्रमाणे लेबलवर सगळ्या घटकांची खरी यादी द्यावी लागते.

स्टेरॉइड सापडलं तर कलमं अशी लागतात. ३३-ई मध्ये खोट्या लेबलचं औषध, म्हणजे मिसब्रँडेड. लेबलवरचं कोणतंही विधान खोटं किंवा दिशाभूल करणारं असेल तर ते यात येतं. ३३-ईई मध्ये भेसळ: आरोग्याला घातक पदार्थ मिसळलेला असणं. ३३-ईईए मध्ये बनावट: औषधाच्या जागी पूर्णपणे किंवा काही प्रमाणात दुसरंच औषध घातलेलं असणं. भेसळीला एक वर्षापर्यंत कैद. बनावटीला किमान एक, कमाल तीन वर्षं, आणि दंड किमान ५० हजार किंवा जप्त मालाच्या तिप्पट. माझं मत असं की निरीक्षकानं इथं थांबू नये. स्टेरॉइड घातल्यावर ते औषध आयुर्वेदिक या व्याख्येतच बसत नाही. ते विनापरवाना बनवलेलं ॲलोपॅथिक औषध होतं, आणि त्याला कलम २७(ब)(२) खाली तीन ते पाच वर्षं आहेत. तक्रारीत ही मागणी स्पष्ट शब्दांत लिहा.

तुमच्या कॅप्सूलचं काय? खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देऊ शकता. स्टेरॉइड आणि वेदनाशामकं, म्हणजे डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायक्लोफिनॅक, यांची नावं देऊन तपासणी मागा, कारण नुसतं "काय आहे बघा" म्हटलं तर फारसं हाती येत नाही. अहवाल आला तर तक्रारीला वजन येतं. पण फौजदारी खटला त्या अहवालावर उभा राहत नाही. उघडलेल्या डबीत तुम्हीच काही घातलं, असं आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार.

खटल्यासाठी नमुना निरीक्षकानंच घ्यावा लागतो. विक्रेत्याकडून रीतसर किंमत देऊन माल घ्यायचा, त्याच्यासमोर सील करायचा, त्याचे भाग करायचे. एक विक्रेत्याला, एक सरकारी विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी, आणि बनवणाऱ्याचं नाव कळलं तर एक त्याला. माल छोट्या डब्यांत असेल तर डबी न फोडता तितक्या डब्याच घेता येतात. सरकारी विश्लेषकाचा अहवाल निर्णायक पुरावा असतो. प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत आरोपीनं "मी याविरुद्ध पुरावा देणार" असं लेखी कळवलं नाही तर तो अहवाल पक्का. म्हणून बॅच नंबर इतका महत्त्वाचा. ज्या बॅचनं आईला त्रास झाला तीच बाजारात असताना नमुना घेतला गेला तर साखळी जुळते. सहा महिन्यांनी तक्रार आली की ती बॅच संपलेली असते, आणि पुढच्या बॅचमध्ये काही सापडत नाही. अशा तक्रारी मी पाहिल्या आहेत. माणसं खरं सांगत होती, आणि आम्ही काही करू शकलो नाही. त्याची मला अजून चीड आहे.

गाडीवाल्याकडे परवाना आहे का, हे शोधत बसू नका. आपल्याकडे आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. किराणा दुकानात, यात्रेत, कुठंही विकता येतं. कायद्यातलं हे भगदाड कितीतरी वर्षांपासून तसंच आहे. पण कुणाकडून घेतलं ते निरीक्षकानं विचारल्यावर त्याला सांगावंच लागतं, कलम ३३-केए. आणि तुमच्या प्रकरणात कुरिअर आहे, हे उपयोगाचं आहे. ग्राहकाकडे पोचवायला निघालेल्या मालाचाही नमुना कलम २२ खाली घेता येतो, आणि ते कलम आयुर्वेदिक औषधांनाही लागू आहे. पुढचं पार्सल कुणाच्या नावानं, कधी मागवायचं हे मात्र तुम्ही ठरवू नका. निरीक्षकाशी बोलून तो सांगेल तसं.

आता करायचं असं. साताऱ्याच्या सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन यांच्या नावे लेखी अर्ज द्या. स्वतः जा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. प्रत पुण्याच्या सहआयुक्तांना पाठवा. सोबत डबीचे सगळ्या बाजूंचे फोटो, बॅच, उत्पादनाची तारीख, पैसे पाठवल्याच्या नोंदी, पार्सलची पावती, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि कॉर्टिसॉलचा अहवाल जोडा. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, पण फोनवर भिस्त ठेवू नका. अर्जाच्या शेवटी "त्याच बॅचचा नमुना तातडीने घ्यावा" हे वाक्य वेगळ्या ओळीत लिहा. महिन्याभरात काही कळलं नाही तर माहिती अधिकारात विचारा: नमुना कोणत्या तारखेला घेतला, विश्लेषकाकडे कधी पाठवला. अशा अर्जामुळं फायली हलतात.

वकील, सातारा:

निरीक्षक काकांनी सांगितलं त्यात थोडी भर.

४-अ प्रकरणाखालचा खटला तुम्ही स्वतः दाखल करू शकत नाही. तो निरीक्षकच, आणि तोही पूर्वपरवानगी घेऊन दाखल करतो (कलम ३३-एम). पण हातातल्या दोन वाटा तुमच्या स्वतःच्या आहेत.

पहिली, १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. लोकांना वाटतं तो फक्त पेपरातल्या जाहिरातींसाठी आहे. त्यातली "जाहिरात" ही व्याख्या वाचा, तिच्यात लेबल आणि वेष्टनही धरलंय. अनुसूचीत ५४ आजार आहेत. मधुमेह, कर्करोग यांच्यासारखाच संधिवातही त्यात आहे. तो बरा करतो असा दावा छापला की गुन्हा झाला, आत काय आहे हा मुद्दाच उरत नाही. स्टेरॉइड सापडो न सापडो, "मुळापासून बरा" एवढे शब्द पुरतात. पहिल्या खेपेला सहा महिने, पुन्हा केल्यास एक वर्ष. शिक्षा तोकडी आहे हे मान्य. पण गुन्हा दखलपात्र आहे, पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. "हे आमचं काम नाही, एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) जा" असं ऐकायला मिळेल. कलम ९-अ लिहून न्या.

या कायद्याला औषध कंपन्यांनी लगेच आव्हान दिलं होतं. हमदर्द दवाखाना प्रकरणात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयानं काही भाग रद्द केला, पण असल्या जाहिरातींना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कवच मिळत नाही असं सांगून मूळ बंदी टिकवली. अलीकडे मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं राज्यांना या कायद्याखालच्या तक्रारींसाठी यंत्रणा उभारायला सांगितलं. त्यानंतर मे महिन्यात आयुष मंत्रालयानं "आयुष सुरक्षा" हे पोर्टल सुरू केलं. तिथंही तक्रार टाका. कंपनी परराज्यातली असल्यामुळं हे जास्त उपयोगी, कारण तिचा परवाना त्या राज्यानंच दिलेला आहे आणि रद्दही तेच करणार.

दुसरी, ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळं कंपनीच्या गावी जायला नको. इथं दवाखान्याचा खर्च, आईला झालेला त्रास, या सगळ्याची भरपाई मागता येते. पैसे दिल्याची मोबाईलवरची नोंद बिलाच्या जागी चालते. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्यानं फी नाही. मुदत दोन वर्षं. आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर इथं आहे: दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग तक्रारदाराकडूनच नमुना घेऊन, सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून आहेत त्या डब्या जपून ठेवा.

भावाचं नाव तक्रारीत साक्षीदार म्हणून येईल, कारण पैसे त्यानं पाठवलेत. त्याला आत्ताच विश्वासात घ्या.

फार्मसी शिकवते:

मी डिप्लोमाच्या मुलांना औषधविषयक कायदे शिकवते, म्हणून एक जोडते. आत काय आहे हे खोटं सांगणं आणि औषधानं काय होतं हे खोटं सांगणं, या दोन खोट्या गोष्टी कायद्यानं वेगळ्या मानाव्या का, हा वाद शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत झाला होता. तिथं १९०६ साली कायदा आला आणि कॅन्सस सिटीच्या एका डॉक्टर जॉन्सनवर खटला झाला. तो कर्करोग बरा करणाऱ्या गोळ्या विकायचा. १९११ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं म्हटलं की कायदा घटकांबद्दलच्या खोट्या विधानापुरता आहे, गुणाच्या दाव्याला तो लागू नाही. जॉन्सन सुटला. पुढच्याच वर्षी दुरुस्ती करून गुणाचे दावेही कायद्यात आणले. पण फसवण्याचा हेतू सरकारनं सिद्ध करायचा, अशी अट त्यात राहिली, आणि "माझा माझ्या औषधावर मनापासून विश्वास होता" हा बचाव उघडा राहिला.

क्लार्क स्टॅनली नावाच्या माणसाचं "सापाचं तेल" त्याच काळात तपासलं गेलं. निघालं मुख्यतः खनिज तेल, थोडी चरबी, मिरचीचा अर्क. दंड झाला वीस डॉलर.

आपल्या ३३-ई मध्ये हेतूची अट नाही. दावा खोटा किंवा दिशाभूल करणारा असला की पुरे. कागदावर आपला कायदा त्या जुन्या कायद्यापेक्षा खूप बळकट आहे. मुलांना मी हे दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, मग बाजारात या डब्या कशा? त्यांना द्यायला माझ्याकडे काकांसारख्या माणसांनी घेतलेल्या नमुन्यांखेरीज दुसरं उत्तर नाही. ताई, तुम्ही मागे हटू नका.

माणची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. वाडीत फोन केले. दोघी जणी उद्या डॉक्टरांकडे जातायत, दोघांनी "आम्हाला काही होत नाही" म्हणून फोन ठेवला. भाऊ साक्षीला तयार झालाय. सर, एकच विचारते. काकूंकडच्या न उघडलेल्या डब्या मी ताब्यात घेऊ का? आणि काकू तक्रारीत नाव द्यायला घाबरतायत.

निवृत्त औषध निरीक्षक:

तुम्ही ताब्यात घेऊ नका. काकूंकडेच राहू द्या. कोरड्या जागी, उन्हापासून लांब, झाकणाचं सील न फोडता. वरून कागदात गुंडाळून त्यावर तारीख घालून काकूंची आणि आणखी कुणाची तरी सही घ्या. तुमच्या घरातून निघालेली डबी आणि त्रयस्थाच्या घरातून निघालेली डबी यात ग्राहक आयोगापुढे फरक पडतो.

काकूंचं नाव अर्जात घालायची सक्ती नाही. "वाडीतील इतरही रहिवासी हेच औषध घेत आहेत" एवढं लिहा. निरीक्षक गावात आला की तो त्यांच्याशी बोलेल, आणि आपल्या दारात आपल्या भाषेत कुणी विचारलं की माणसं सांगतात, हा माझा अनुभव आहे. ज्या दोघांनी फोन ठेवला त्यांच्या घरी मात्र भावाला प्रत्यक्ष पाठवा. त्यांच्याकडची डबी कधी संपते ते कळायला हवं, कारण त्यांना खरा धोका त्यानंतर आहे.

अर्ज सोमवारीच द्या. बाजाराचा वार कोणता आणि गाडी कुठं लागते, हेही त्यात लिहा.